हलव्याचे दागिने : घरात घडलेला नववधूचा साज

लग्नानंतरच्या पहिल्या मकरसंक्रांतीला नववधूला काळी चंद्रकळा नेसवून हलव्याच्या दागिन्यांनी सजवण्याची महाराष्ट्रातील प्रथा म्हणजे सराफाची पायरी न चढता, साखर, तीळ आणि घरातल्या बायकांचे कसब यांवर उभ्या राहिलेल्या अलंकारकलेचा एक अस्सल नमुना होय. हलवा म्हणजे तीळ, खसखस किंवा साबुदाणा यांच्यावर साखरेच्या पाकाची पुटे चढवून केलेला काटेरी दाणा. मंद आचेवरच्या परातीत चमचा-चमचा पाक सोडून दाणे बोटांनी सतत फिरवत राहावे लागते, आणि हे काम काही दिवस नेटाने चालले तरच, तेही हवेत पुरेसा गारठा असेल तर, दाण्यावर चांगला काटा फुलतो. अशा दाण्याला भोक पाडता येत नसल्यामुळे तो दुपदरी दोऱ्यात गाठ मारून बसवतात, आणि काट्यांमुळे दोरा सहसा निसटत नाही. बिंदी, तन्मणी, बाजूबंद, कंबरपट्टा असे सोन्यामोत्यांचे घाट यातून उतरतात. जावयासाठी हार आणि नारळही होतो. १९६३ साली सुवर्ण नियंत्रणाखाली १४ कॅरटहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यावर बंदी आली, तेव्हाही या साखरेच्या साजाला कोणत्याही नियमाची आडकाठी नव्हती. पुढे हे दागिने बाजारात तयार मिळू लागले आणि अनेक स्त्रियांना त्यातून हंगामी मिळकत झाली. तरी सासूने, नणंदेने रात्री जागून ओवलेल्या तन्मणीचे मोल बाजारच्या दागिन्यांना येत नाही.