ईसीएम, ट्रकचा : दोषनिदान व बदल

ट्रकच्या डिझेल इंजिनाला किती डिझेल, कोणत्या क्षणी आणि किती दाबाने द्यायचे हे ठरवणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक. पूर्ण नाव इलेक्ट्रॉनिक कंट्रोल मॉड्यूल. बॉशच्या कागदपत्रांत तो ईसीयू म्हणून येतो, कमिन्सच्या कागदपत्रांत ईसीएम म्हणून; गॅरेजवर सरसकट ईसीएम आणि ड्रायव्हरच्या तोंडी ‘कॉम्प्युटर’. जेवणाच्या चपट्या डब्याएवढी ॲल्युमिनियमची ही बंद पेटी काही गाड्यांत इंजिनाच्या अंगावर रबरी बुशांवर, तर काहींत चासीवर किंवा केबिनमध्ये बसवलेली असते. काही इंजिनांत ती थंड ठेवण्यासाठी तिच्या मागच्या प्लेटमधून डिझेल फिरवलेले असते.

प्रस्तुत नोंदीत राष्ट्रीय महामार्ग ५२ वर (पूर्वीचा सोलापूर–धुळे २११) मांजरसुंबा, चौसाळा, येडशी या पट्ट्यात चालणाऱ्या २४ व्होल्टच्या गाड्या डोळ्यांपुढे आहेत. त्यांत लांब पल्ल्याची मालवाहतूक करणारे ट्रक आहेत, तसेच हंगामात ऊसतोड मजुरांच्या टोळ्यांबरोबर पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणारे आणि पावसाळाभर दारात उभे राहणारे ट्रकही आहेत. दोन्हींचे ईसीएम बिघडण्याची कारणे वेगळी असतात.

पूर्वपीठिका : १९५१ साली स्थापन झालेल्या मायकोच्या (२००८ पासून बॉश लिमिटेड) यांत्रिक इनलाइन पंपावर भारतातले ट्रक कित्येक दशके चालले. त्या गाडीत विजेचे काम सेल्फ, दिवे आणि फार तर इंजिन बंद करणारा सोलेनॉइड एवढेच होते. ट्रकवरील पहिली व्यापारी कॉमन रेल प्रणाली (सर्व इंजेक्टरांना एकाच उच्च-दाब नळीतून डिझेल देणारी) डेन्सोने १९९५ मध्ये जपानमध्ये हिनोच्या ट्रकवर आणली. भारतात २०१० मध्ये बीएस-३ (भारत स्टेज ३) हे उत्सर्जन मानक देशभर लागू झाले, तरी बऱ्याच ट्रकांवर यांत्रिक पंप टिकून राहिला. १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ लागू झाले. त्याआधी तीनच दिवस, २९ मार्चला, सर्वोच्च न्यायालयाने बीएस-३ गाड्यांच्या विक्रीला मनाई केली. अशोक लेलँडने बीएस-४ साठी इनलाइन पंपासह आयईजीआरचा (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवण्याचा) मार्ग धरला. इतर बहुतेक उत्पादक कॉमन रेलकडे वळले. १ एप्रिल २०२० च्या बीएस-६ नंतर ईसीएमशिवाय नवा ट्रक रस्त्यावर येणे बंद झाले.

कार्य : क्रँक व कॅम सेन्सर, रेल-दाब, ॲक्सिलरेटर पेडल, पाण्याचे तापमान, बूस्ट-दाब यांचे संकेत घेऊन ईसीएम इंजेक्टर उघडतो. सेन्सरांना तो स्वतः ५ व्होल्टचा पुरवठा करतो. इंजेक्टर झटकन उघडावा म्हणून बॅटरीच्या २४ व्होल्टवरून बराच वरचा विद्युतदाब पेटीच्या आतच तयार होतो. तो तयार करणारे सर्किट हाच पेटीतला सर्वांत जास्त ताण सोसणारा भाग.

बिघाडाची कारणे : पहिले कारण वेल्डिंग. उसासाठी फाळके उंच करताना, हूक लावताना किंवा तडकलेली चासी जोडताना बॅटरीच्या तारा न काढता वेल्डिंग होते. वेल्डिंगचा अर्थ-क्लॅम्प कामाच्या जागेपासून लांब लावलेला असेल तर करंट चासीतून वाट शोधत निघतो, आणि ईसीएमचा अर्थ ही त्याला मिळणाऱ्या वाटांपैकी एक असते. बॅटरीच्या दोन्ही तारा आणि ईसीएमचे कपलर काढून, क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावणे हा उत्पादकांचा नियम आहे. बॉडीवाल्यांकडे तो क्वचितच पाळला जातो.

दुसरे कारण पाणी. वॉशिंग सेंटरवर दाबाच्या फवाऱ्याने इंजिन धुतले की कपलरच्या रबरी सीलमागे ओल राहते आणि काही आठवड्यांत पिनांवर हिरवी बुरशी धरते. तिसरे कारण उंदीर. उभ्या गाडीच्या हार्नेसचे आवरण ते सोलतात. दसऱ्याला गाडी काढली की चेक इंजिनचा दिवा पेटतो आणि दोष ईसीएमवर येतो. उलटी बॅटरी जोडणे, निकामी रेग्युलेटरमुळे अल्टरनेटरने जादा व्होल्टेज देणे, खडी रस्त्याचे हादरे ही इतर कारणे. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्ट घेऊन टेप किंवा झगमगाटाचे दिवे चालवले, तर ती बॅटरी कायम अर्धवट भरलेली राहते. सेल्फ मारताना पुरवठा कोसळतो आणि ईसीएम मध्येच झोपून पुन्हा जागा होतो. बाहेरून बघता हे लक्षण हुबेहूब ‘ईसीएम गेला’ असेच दिसते.

दोषनिदान : बदललेल्या ईसीएमपैकी बरेच मुळात चांगले असतात, असे या क्षेत्रातले जाणकार मानतात. म्हणून निदानाची सुरुवात पेटीपासून नव्हे, तिच्या पुरवठ्यापासून करतात.

चावी फिरवल्यावर चेक इंजिनचा दिवा क्षणभर लागून विझावा. दिवा लागलाच नाही आणि स्कॅनरही जोडला जात नसेल, तर ईसीएम जागा होत नाही एवढेच सिद्ध होते. तो मेला हे सिद्ध होत नाही. फ्यूज, मेन रिले, चावीकडून येणारी तार आणि अर्थ या चार गोष्टी त्यानंतर पाहतात.

इथे मीटर फसवतो. कपलर काढून पुरवठ्याच्या पिनेवर मल्टिमीटर लावला की तार आतून कुजून दोनच धाग्यांवर टिकलेली असली तरी तो २४ व्होल्टच दाखवतो, कारण मीटर जवळपास काहीच करंट ओढत नाही. त्याऐवजी २४ व्होल्टचा २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब कपलरच्या पुरवठा आणि अर्थ या दोन पिनांमध्ये लावतात. बल्ब लख्ख पेटला तर वायरिंग धडधाकट. मंद, लालसर पेटला तर दोष ईसीएमपर्यंत येणाऱ्या तारेत. पिनेत टेस्टर खुपसून तिचे तोंड रुंदावू नये. त्यासाठी जुन्या कपलरची कापलेली पिन वापरतात.

अर्थ तपासताना बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलपासून ईसीएमच्या अर्थ पिनेपर्यंत, सेल्फ मारत असताना, मीटरवर जो फरक दिसतो तो अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. नुसत्या ओहम मोजणीने हे कळत नाही. सेल्फ मारताना बॅटरीच १८ व्होल्टच्या खाली उतरत असेल, तर पुढची तपासणी थांबवून आधी बॅटरी बघतात.

यानंतर ५ व्होल्टचा पुरवठा. एकाच वेळी तीन-चार असंबद्ध सेन्सरांचे कोड आले, तर ते सर्व एकाच ५ व्होल्टच्या तारेवर आहेत का ते पाहतात. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला की तो सगळ्यांचा पुरवठा खाली ओढतो. सेन्सरांचे कपलर एकेक करून काढत जावे. ज्याच्यानंतर ५ व्होल्ट परत येतात तो दोषी. सगळे सेन्सर काढूनही पुरवठा आला नाही तर कपलरमधली ती पिन सोडवून पेटीच्या बाजूने मोजतात. तरीही ५ व्होल्ट नसतील, तरच संशय पेटीवर येतो.

संदेशवाहक तारांची (कॅन) तपासणी सोपी आहे. एसएई जे१९३९ मानकानुसार दोन पिळलेल्या तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे एकेक रोधक असतात. बॅटरी काढून दोन तारांमध्ये मोजल्यास ६० ओहम यावेत. १२० आले तर एक टोक तुटले आहे. शून्याच्या जवळ आले तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत.

कोड वाचताना एसपीएन हा घटकाचा आणि एफएमआय हा दोषाच्या प्रकाराचा क्रमांक. एसपीएन १९० म्हणजे इंजिनाचे फेरे. सेल्फ मारताना स्कॅनरवर फेरे शून्यच राहिले, तर डिझेल न सोडणारा ईसीएम आपले काम बरोबर करत आहे. बिघाड क्रँक सेन्सरमध्ये, त्याच्या तारेत किंवा त्याच्या चाकात असतो. एसपीएन १५७ रेल-दाबाचा. अनेक कॉमन रेल इंजिनांत तो २०० ते २५० बारपर्यंत चढल्याशिवाय इंजेक्टर उघडतच नाहीत. एसपीएन ६५१ ते ६५६ हे पहिल्या ते सहाव्या इंजेक्टरच्या सर्किटचे. बीएस-३ काळातल्या काही सहा सिलिंडर इंजिनांत १-२-३ आणि ४-५-६ असे दोन गट असतात. एका गटाचे तिन्ही कोड एकदम आले की घाईने ईसीएमचे ड्रायव्हर (इंजेक्टर चालवणारी आतली सर्किटे) उडाले असे ठरवले जाते. प्रत्यक्षात त्या गटातला एकच इंजेक्टर किंवा टॅपेट कव्हरखालची वायरिंग बॉडीला लागली तरी पूर्ण गट बंद पडतो. इंजेक्टरच्या कॉइलचा रोध एक ओहमपेक्षाही कमी असल्याने साध्या मीटरच्या आकड्यावर विसंबू नये. टोकापासून बॉडीपर्यंत मात्र काहीच जोड दिसता कामा नये.

ईसीएमने स्वतःविरुद्ध दिलेली साक्ष म्हणजे एसपीएन ६२९ आणि एफएमआय १२. पुरवठा व अर्थ वरीलप्रमाणे तपासून झाल्यावरही, कोड पुसल्यानंतर तो पुन्हा आला, तरच पेटी बदलावी. एसपीएन ६३० हा कॅलिब्रेशनच्या नोंदींचा. तेथे पेटी न बदलता सॉफ्टवेअर पुन्हा टाकून काम भागू शकते.

बदल : नवा ईसीएम कोरा येतो. भाग क्रमांक जुळणे पुरेसे नसते; इंजिनाची अश्वशक्ती, मॉडेल व चासी क्रमांक यांनुसार त्यात सॉफ्टवेअरची फाइल टाकावी लागते. हे काम कंपनीच्या सॉफ्टवेअरने (कमिन्ससाठी इनसाइट) अधिकृत केंद्रावर होते. जुना ईसीएम स्कॅनरशी बोलत असेल तर तो काढण्यापूर्वीच त्यातल्या सर्व नोंदी उतरवून घ्याव्यात. मागाहून त्या मिळवणे जिकिरीचे असते.

जिथे इंजेक्टर-कोडची पद्धत आहे तिथे प्रत्येक इंजेक्टरवर कोरलेला कोड त्या त्या सिलिंडरसमोर पुन्हा भरावा लागतो. तो राहिला तर इंजिन चालू होते, पण आयडलला अडखळते, धूर देते आणि ॲव्हरेज पडते. मग इंजेक्टरच खराब समजून ते बदलण्याचा खर्चही मालकाच्या माथी येतो. इमोबिलायझर असल्यास चावीची ओळख पुन्हा करून द्यावी लागते. कपलर काढ-घाल करण्यापूर्वी बॅटरी सोडवणे सक्तीचे. चावी बंद केल्यावरही ईसीएम काही वेळ नोंदी लिहीत असतो. त्यामुळे लगेच तार ओढू नये.

क्लोन व बोर्ड दुरुस्ती : जुन्या पेटीतला पूर्ण डाटा काढून भंगारातल्या त्याच क्रमांकाच्या पेटीत टाकण्याला क्लोन मारणे म्हणतात. आतले जळालेले ड्रायव्हर व कपॅसिटर बदलणारे कारागीर शहरांत आहेत. अशा दुरुस्तीच्या टिकाऊपणाबद्दल एकमत नाही. पेटी उघडल्यावर तिचे सील पूर्ववत बसले नाही तर ओल आत शिरते, एवढे निश्चित.

किंमत : इंजिननिहाय फार वेगवेगळी, नव्या पेटीच्या मानाने बोर्ड दुरुस्ती स्वस्त.

बीएस-६ गाड्या : डीपीएफ (काजळीची गाळणी), एससीआर (युरियाने धूर शुद्ध करणारी प्रणाली) व नॉक्स सेन्सर यांचे नियंत्रण याच साखळीत येते, त्यांचा विचार स्वतंत्र नोंदीत.

कायदेशीर बाबी : दुसऱ्या गाडीची फाइल टाकल्यास मालवाहू ट्रकला लागू असलेली ताशी ८० किमीची वेगमर्यादा निघून जाऊ शकते. युरिया न लागता गाडी चालावी म्हणून फाइल बदलणे किंवा बनावट संकेत देणारा बॉक्स लावणे हे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ व १९०(२) च्या कक्षेत येते. अधिकृत केंद्राबाहेरच्या मिस्त्र्याला सॉफ्टवेअर व सुटे भाग मिळावेत की नाही, हा प्रश्न जुना आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये ते न दिल्याच्या कारणावरून १४ कार कंपन्यांना दंड ठोठावला. त्यावर अपिले झाली. तो निर्णय मोटारगाड्यांपुरता होता. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केले. त्यात वाहन क्षेत्राचा समावेश आहे. गाडी हमीत असेल तर मात्र पेटी उघडू नये. उघडलेल्या पेटीवर कंपनीकडून हमीचा दावा मंजूर होत नाही.