चाव्याचा इतिहास : इनामगावच्या उत्खननापासून पुण्यातील दंतोपचारापर्यंत

प्रस्तावना

मानवी शरीराचा इतिहास हा केवळ वैद्यकशास्त्राचा विषय नाही. अन्न, अवजारे, भाषा आणि सौंदर्यविषयक समजुती यांच्या इतिहासाशीही त्याचा निकटचा संबंध असतो. दातांच्या बाबतीत ही गोष्ट विशेषत्वाने जाणवते, कारण मृत्यूनंतर शरीराचा जो भाग सर्वाधिक काळ टिकतो तो दात होय. प्रस्तुत लेखात वरचे दात खालच्या दातांवर येणे, म्हणजेच ज्याला दंतवैद्यकात ‘ओव्हरबाइट’ म्हणतात त्या स्थितीचा आणि तिच्यावरील उपचारांचा विचार ऐतिहासिक दृष्टीने केला आहे.

प्रथम संज्ञेचा खुलासा करणे आवश्यक आहे. तोंड मिटले असता वरचे पुढचे दात खालच्या दातांना वरून जेवढे झाकतात, ते झाकणे म्हणजे ओव्हरबाइट. वरचे दात खालच्या दातांच्या जेवढे पुढे असतात, ते आडवे अंतर म्हणजे ‘ओव्हरजेट’. बोलीभाषेत ‘दात पुढे आहेत’ असे म्हटले जाते तेव्हा बहुधा दुसरी स्थिती अभिप्रेत असते. पुष्कळदा दोन्ही एकत्रही आढळतात. दोन ते तीन मिलिमीटर आच्छादन आज स्वाभाविक मानले जाते. ते फार वाढले तर खालचे दात टाळूला टोचतात, हिरड्या दुखावतात आणि दात अकाली झिजतात. वरचे दात फार पुढे असतील तर पडल्यावर किंवा खेळताना ते तुटण्याचा धोका वाढतो. थोडक्यात, आच्छादन असणे हा रोग नव्हे. त्याचे प्रमाण हा प्रश्न आहे. हा भेद लक्षात न घेतल्याने अनेक मुलांवर अनाठायी उपचार होतात आणि ज्यांना खरी गरज आहे ती मुले उपेक्षित राहतात.

इनामगावचा पुरावा

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव हे ताम्रपाषाणयुगीन स्थळ आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर व झेड. डी. अन्सारी यांच्या मार्गदर्शनाखाली येथे विस्तृत उत्खनन केले. इ. स. पू. १६०० ते ७०० या सुमारे नऊ शतकांत येथे माळवा, पूर्व जोर्वे व उत्तर जोर्वे अशा तीन सांस्कृतिक अवस्था होऊन गेल्या. घरांच्या जमिनीखाली पुरलेल्या मृतांमध्ये लहान मुलांची संख्या मोठी आहे. दोन मातीचे कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत मुलाचा देह ठेवण्याची प्रथा होती. या अस्थींचा व दातांचा अभ्यास सुभाष वाळिंबे आणि अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जॉन लुकाच यांनी केला. दुधाच्या दातांची घडण, दातांचे आकारमान, कीड आणि इनॅमलवरील दोष यांवर त्यांनी केलेले लेखन भारतीय दंतमानवशास्त्राचा पाया मानले जाते.

इनॅमलवरील दोषांचे महत्त्व असे, की दात तयार होत असताना मुलाला कुपोषण अथवा आजार झाला असेल तर त्याची खूण दातावर कायमची उमटते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या ज्या बालकाचे नावगाव कोणालाही ठाऊक नाही, त्याच्या उपासमारीची नोंद अशा रीतीने दाताने जपून ठेवली आहे. लेखी साधने नसलेल्या काळाचा इतिहास लिहिणाऱ्याला याहून विश्वसनीय दप्तर मिळणे कठीण.

इनामगावचे रहिवासी बार्ली, गहू व कडधान्ये खात. शिकारीचे व पाळीव जनावरांचे मांसही आहारात होते. दळण दगडी पाट्यावर होई. फिरते जाते पुढील ऐतिहासिक काळातले. दगडावर दगड घासला की पिठात कच उतरते आणि ती रोज चावली जाते. अशा आहारावर जगणाऱ्या समाजांत दातांची झीज मोठी असते, ही बाब जगभरच्या सांगाड्यांवरून सिद्ध झाली आहे. या झिजेचा चाव्याशी थेट संबंध आहे. बालपणी वरचे दात खालच्या दातांवर येतात. मात्र कठीण अन्न चावून दातांचे काठ झिजले, की तरुणपणी वरचे व खालचे दात काठाला काठ टेकू लागतात. म्हणजे ज्याला आज ‘आदर्श’ चावा म्हटले जाते, तो अश्मयुगीन प्रौढाच्या दृष्टीने बालपणीचा चावा होता. बालकांचेच अवशेष बहुसंख्य असलेल्या स्थळावरून प्रौढांच्या चाव्याविषयी अनुमान काढताना हा मुद्दा ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

काटा, भाकरी आणि ‘व’कार

हा बदल का झाला याविषयी सी. लोरिंग ब्रेस या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने एक प्रसिद्ध उपपत्ती मांडली. युरोपात जेवणाच्या टेबलावर काटा-सुरी आली, घास दातांनी तोडण्याची गरज उरली नाही आणि गेल्या सुमारे अडीचशे वर्षांत ओव्हरबाइट सार्वत्रिक झाला, असे त्यांचे प्रतिपादन होते. चीनमध्ये अन्न आधीच बारीक कापून काड्यांनी खाल्ले जात असल्याने तेथे हा बदल कित्येक शतके अगोदर घडला, असेही त्यांनी दाखवले. महाराष्ट्राच्या संदर्भात मात्र ही उपपत्ती अपुरी वाटते. येथे सर्वसामान्य माणूस आजही हाताने जेवतो. भाकरीचा तुकडा हाताने मोडला जातो, आमटीत भिजवला जातो आणि मगच तोंडात जातो. पुढच्या दातांना तोडण्याचे काम फारसे उरतच नाही. तरीही ओव्हरबाइट येथे सर्रास आहे. तेव्हा काट्यापेक्षा अन्नाचा मऊपणा, म्हणजे दळण्याची व शिजवण्याची पद्धत, हेच कारण अधिक व्यापक दिसते. रॉबर्ट कोरुचिनी व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी उत्तर भारतात केलेल्या आणि १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ग्रामीण तरुणांपेक्षा शहरी तरुणांत दातांच्या रचनेचे दोष अधिक आढळले. आनुवंशिकता एकच असताना हा फरक पडतो, त्यामागे चावण्याचा व्यायाम कमी होणे हे कारण असावे, असे या अभ्यासकांचे मत होते. आनुवंशिकतेचा वाटा अर्थातच नाकारता येत नाही.

याच विषयाची एक शाखा भाषाशास्त्रात जाते. खालचा ओठ वरच्या दातांना टेकवून होणारे उच्चार शेतीपूर्व समाजांत कमी का, असा प्रश्न चार्ल्स हॉकेट यांनी १९८५ मध्ये उपस्थित केला. २०१९ मध्ये डामियान ब्लासी व सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात संगणकीय प्रतिरूपे व भाषांची आकडेवारी यांच्या आधारे त्याला पुष्टी दिली. वरचे दात पुढे असले की असे उच्चार सोपे होतात. संस्कृत शिक्षाग्रंथांत ‘व’काराचे स्थान दंतोष्ठ सांगितले आहे, हे मराठी वाचकाला शाळेपासून परिचित असते. या उपपत्तीवर सर्व भाषाशास्त्रज्ञांचे एकमत नाही. तथापि धान्य दळण्याच्या रीतीतून वर्णमालेकडे जाणारी ही वाट दुर्लक्षिण्याजोगी नव्हे.

असाध्यापासून साध्याकडे

भारतीय वैद्यकाने वाकड्या दातांची दखल घेतलेली आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दंतरोगांमध्ये ‘कराल’ या विकाराचा निर्देश आहे. ‘माधवनिदाना’त दातांच्या आश्रयाने राहिलेला वायू त्यांना हळूहळू विकट करतो असे कारण सांगून हा विकार असाध्य ठरवला आहे. हळूहळू होणारा बदल हे निरीक्षण अचूक होते. त्याच संथ गतीने दात परतही नेता येतो, ही कल्पना मात्र तेथे नव्हती. रोमन लेखक सेल्सस याने दुधाचा दात काढून नवा दात रोज बोटाने दाबावा असे सुचवले होते. फ्रान्समध्ये पिएर फोशार याने १७२८ च्या ग्रंथात धातूची पट्टी वापरली. अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये दाढांच्या परस्परसंबंधावरून दोषांचे वर्गीकरण केले. वरचे दात पुढे असण्याची बहुतेक उदाहरणे त्यातील दुसऱ्या वर्गात मोडतात. हे वर्गीकरण आजही शिकवले जाते.

अँगल यांचे ऑस्ट्रेलियन शिष्य रेमंड बेग यांचा या इतिहासाशी वेगळाच संबंध आहे. ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे झिजलेले दात पाहून त्यांनी १९५४ मध्ये असे मांडले, की आधुनिक माणसाचे दात झिजत नाहीत म्हणून ते जबड्यात मावत नाहीत; सबब काही उपदाढा काढून जागा करणे न्याय्य ठरते. बारीक तारांची त्यांची पद्धत भारतात काही दशके प्रचलित होती. अश्मयुगीन माणसाविषयीच्या एका अनुमानावरून विसाव्या शतकातील मुलांचे निरोगी दात काढले गेले, ही गोष्ट पुरातत्त्वाच्या अभ्यासकालाही अंतर्मुख करणारी आहे. पुढे सरसकट दात काढण्यावर टीका झाली व आज तो निर्णय प्रत्येक रुग्णापुरता घेतला जातो.

भारतात संघटित दंतशिक्षणाचा आरंभ १९२० मध्ये कलकत्त्यास रफीउद्दीन अहमद यांच्या महाविद्यालयाने झाला. मुंबईत १९३३ मध्ये नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय निघाले, १९४८ मध्ये दंतवैद्यक कायदा आला आणि १९६५ मध्ये इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी स्थापन झाली. पुण्यात भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय १९८९ मध्ये सुरू झाले. अशा शिक्षणसंस्थांच्या रुग्णालयांत खाजगी दवाखान्यांच्या मानाने कमी खर्चात तारा बसवून मिळतात, ही शहराबाहेरून येणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने महत्त्वाची सोय आहे.

उपचाराचे तत्त्व साधे आहे. दातावर मंद पण सतत दाब दिला, की दाबाच्या बाजूचे हाड विरघळते आणि मागच्या बाजूला नवे हाड तयार होते. वाढत्या वयात खालचा जबडा मागे असेल, तर ‘ट्विन ब्लॉक’सारखी काढता-घालता येणारी साधने उपयोगी पडतात, विल्यम क्लार्क यांनी ती स्कॉटलंडमध्ये १९७७ मध्ये प्रथम वापरली. वाढ पूर्ण झाल्यावर तारांनी दात हलवता येतात. जबड्याचा दोष तीव्र असल्यास शस्त्रक्रिया करावी लागते. तारा साधारणपणे दीड ते दोन वर्षे ठेवाव्या लागतात आणि त्या काढल्यावर दात मूळ जागी सरकू नयेत म्हणून रिटेनर वापरावा लागतो. अनेक पालक मुलीच्या लग्नाचा विषय निघाल्यावरच दवाखान्याची पायरी चढतात. तोपर्यंत जबड्याच्या वाढीचा लाभ घेण्याचे वय निघून गेलेले असते. ते वय साधारण दहा ते चौदा वर्षांचे, म्हणजे मूल शाळेत असतानाचे आहे.