उजव्या हाताचा गिअर

आमची जीपगाडी मुळात कुठली, याबद्दल घरात तीन मतं होती आणि तिन्ही मतांची माणसं एकाच पंगतीत जेवायची. आबा, म्हणजे माझे आजोबा, दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीत लढून आलेले. त्यामुळं गाडीही लढाईतलीच, गोऱ्या पलटणीनं मागं टाकलेली आणि डिस्पोजलमध्ये घेतलेली, असं आम्ही पोरं शाळेत छातीठोक सांगायचो. आबांचे धाकटे भाऊ तात्या रोज पेपर वाचणारे. ते म्हणायचे, ही मेननच्या जीपांतली. आक्का म्हणजे माझी आत्या. तिला या वादात कधीच रस नव्हता. "कुठनं का आली आसंना," ती म्हणायची, "भूकंपात उपयोगी पडली न्हवं?"

तात्यांची मेननची गोष्ट अशी. १९४८ साली काश्मीरमध्ये लढाई पेटलेली, लष्कराला जीपा हव्या होत्या. लंडनमधले आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी दुरुस्त केलेल्या दोन हजार जुन्या जीपांचा सौदा केला. आल्या दीडशेच्या आसपास, त्याही लष्करानं नाकारल्या. स्वतंत्र भारतातला पहिला घोटाळा म्हणून हे प्रकरण अजून सांगितलं जातं. तात्या ते सगळं रंगवून सांगायचे आणि शेवटी गोठ्याशेजारच्या छपराकडं बोट करायचे, "त्यातली एक ही." नाकारलेली गाडी कोयनेच्या खोऱ्यात एवढी वर्षं उसाच्या बियाण्यापासून बाळंतिणीपर्यंत सगळं ओढत होती, म्हणजे लष्करालाच पारख नव्हती, असा त्यांचा निकाल.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून जीप त्या छपरातच उभी होती. मोडली म्हणून नव्हे. पेट्रोल पिते म्हणून. त्या काळात आमच्या भागात जो तो पेट्रोलचं इंजिन उतरवून डिझेलचं बसवत होता, वडापाच्या जीपा तर सगळ्याच डिझेलवर गेलेल्या. वडिलांनीही तोच घाट घातला. आबांनी नकार दिला. बापलेकांचं त्यावर जे बिनसलं त्यातून तोडगा निघाला तो असा की वडिलांनी ट्रॅक्स घेतली आणि जीप होती तशी छपरात राहिली. आबा गेले, मागून तात्या गेले. सीटखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. आज वाटतं, ते भांडण झालं म्हणूनच इंजिन मूळचं राहिलं.

शेवटी ती पुन्हा चालू करायची म्हणून कराडहून मिस्त्री आणला. माणूस वयानं जीपपेक्षा थोडा लहान. त्यानं बॉनेट उघडायच्या आधीच दोन मतं निकालात काढली. लढाईतली जीप बुटक्या बॉनेटची, आमची उंच बॉनेटची. विलीज कंपनीनं लढाईनंतर त्याच इंजिनाच्या हेडमध्ये इनटेकचे व्हॉल्व्ह वर नेले, ताकद वाढली, पण इंजिन उंच झालं. ते जुन्या बॉनेटखाली मावेना म्हणून बॉनेटच वर उचललं. हे मॉडेल सीजे-थ्री-बी, अमेरिकेत आलं १९५३ साली. "लढाई पंचेचाळीसला सपली," मिस्त्री म्हणाला, "मग ही आठ वर्सं कुठं लपून बसल्याली?" शिवाय स्टीअरिंग उजवीकडं. लढाईत विलीज आणि फोर्डनं मिळून सहा लाखांच्या वर जीपा बनवल्या, त्या सगळ्या डाव्या स्टीअरिंगच्या.

डॅशबोर्डवरची पत्र्याची पट्टी घासलेटनं पुसली तेव्हा महिंद्रचं नाव वर आलं. या नावालाही फाळणीचा एक पदर आहे. १९४५ साली सुरू झाली तेव्हा कंपनी होती महिंद्र अँड मोहम्मद, पोलादाच्या व्यापारातली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढं गव्हर्नर जनरलही. १९४८ साली इथली पाटी बदलून महिंद्र अँड महिंद्र झाली. त्याच सुमारास मुंबईत माझगावला विलीजच्या जीपा जोडायचं काम सुरू झालं होतं. थोडक्यात, आमची गाडी इटलीतून आली नव्हती, लंडनमार्गेही नाही. ती मुंबईची. कोयना धरणाच्या कामावर राबली आणि काम सरल्यावर लिलावात आबांनी घेतली. लिलावाची पावती आक्काच्या ट्रंकेत होती. तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

म्हणजे आबा थापा मारत होते का? मला तसं वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. शेवटच्या वर्षांत ते इटलीतल्या चिखलाच्या गोष्टी सांगायचे. त्यात एक वाक्य हमखास यायचं, "डाव्या हातानं चाक धरायचं, उजव्या हातानं गिअर टाकायचा." आमच्या जीपचा गिअर डाव्या हाताचा. तेव्हा घरातले एकमेकांकडं बघायचे, म्हाताऱ्याला आता डावं-उजवं कळत नाही असं समजून विषय बदलायचे. मिस्त्रीनं डाव्या स्टीअरिंगचा विषय काढला तेव्हा त्या वाक्याचा उलगडा झाला. डाव्या बाजूला बसणाऱ्याचा गिअर उजव्याच हाताला येणार. आबांनी लढाईत जीप चालवली होती हे पक्कं, फक्त ती दुसरी जीप. "लढाईत जीप चालवली" याचं "ही जीप लढाईतली" कधी झालं, ते घरातल्या कुणालाच सांगता येत नाही. आबांनी ते दुरुस्त केलं नाही एवढं मात्र खरं. दारातल्या गाडीला थोडा मान मिळत असेल तर मिळू दे, असा त्यांचा हिशेब असावा.

इंजिन जाम होतं. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, रेडिएटरमध्ये कुंभारमाशीची घरं. मिस्त्रीनं पहिलं काम केलं ते चारही प्लग काढायचं. त्या भोकांतून निम्मं डिझेल, निम्मं इंजिन ऑइल आत सोडलं आणि चहा पिऊन तो घरी गेला. पुन्हा आला ते काही दिवसांनी, पुन्हा तेच. घाईनं जोर लावला तर गंजलेली रिंग तुटते, सिलिंडरवर ओरखडे पडतात. दरम्यान बाजूचं झाकण काढून टॅपेट बघितले. सायलेन्सरकडचे व्हॉल्व्ह या इंजिनात ब्लॉकमध्येच असतात, त्यातला एक वर जाऊन अडकलेला. घासलेट सोडून, लाकडाच्या तुकड्यानं हलके ठोके देऊन तो खाली बसवला.

मग हँडल. बंपरमधल्या भोकातून आत घालायचं आणि थोडं पुढं, थोडं मागं, नुसतं डोलवत राहायचं. मी धरायला गेलो तसा मिस्त्री ओरडला, "अंगठा काढा!" हँडलला अंगठ्याचा वेढा घालायचा नसतो. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा आणि हँडल खालून वर ओढायचं. ठिणगी अवेळी पडली तर इंजिन उलट फिरतं आणि मनगट मोडतं.

आक्का ओसरीवर बसून बघत होती. म्हणाली, "त्या राती आबांचं तसंच झालं."

ती रात्र म्हणजे भूकंपाची, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, चार वाजून एकवीस मिनिटं. कोयनानगर परिसरात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, हजारो घरं पडली. कोयनेची वीज तुटल्यानं मुंबईपर्यंत अंधार झाला. आमचं घर पाटणच्या वरच्या अंगाला. गोठ्याची भिंत पडलेली, थंडी मरणाची, जीपची बॅटरी उतरलेली. आबांनी हँडल मारलं, ते उलट आलं, मनगट गेलं. मग तात्यांनी हँडल मारलं आणि आबांनी मोडक्या हातानं गाडी चालवली. पुढची काच बॉनेटवर पाडून तिच्यावर एक बाज आडवी बांधली, मागं दोन माणसं निजवली आणि कराडचा रस्ता धरला. आक्का तेव्हा नऊ वर्षांची. वाटेत लोक शेतात शेकोट्या करून बसले होते, कुणी घरात पाय ठेवायला तयार नव्हतं, असं ती सांगते. बॉनेटवर बाजेच्या खुणा सापडतात का म्हणून मी हात फिरवून पाहिला. पत्र्यावर एवढे पोचे आहेत की कुठला कधीचा ते कोण सांगणार? पण काच पुढं पाडता येते हे खरं, आणि आबांचं उजवं मनगट वाकडं होतं हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं.

इंजिन सुटलं. क्लचची प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली, तेव्हा पॅडल लाकडी दांडक्यानं दाबून ठेवून ती सोडवली. पॉइंट घासले, कंडेन्सर नवा घातला, एक-तीन-चार-दोन या क्रमानं वायरी लावल्या. लढाईतल्या जीपचाही क्रम हाच. सीटखालच्या टाकीत पेट्रोलचा डिंक झाला होता, म्हणून तूर्त टाकीचा नाद सोडून पेट्रोलची बाटली सलाईनसारखी वर टांगली. चोक ओढला. बराच वेळ नुसती खोकली, मग सिलिंडरमधलं तेल जळत निळ्या धुरानं अख्खं अंगण भरलं आणि चारही सिलिंडर लागले. ऑइलचा काटा वर चढेपर्यंत मिस्त्रीनं कुणाला बोलू दिलं नाही.

ब्रेकला मात्र इंजिनापेक्षा जास्त दिवस गेले. सगळे व्हील सिलिंडर गंजलेले. पेट्रोल पंपाचा डायफ्राम आणि रबरी पाइपही बदलले. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते मानवत नाही.

राहिले कागद. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए अक्षरांची खास पाटी मिळते. पण मग ती प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची, रोजच्या कामाला नाही. माझा कल त्या पाटीकडं होता. आक्कानं मोडता घातला, "शोभंसाठी ठेवायची तर छपरात काय वाईट हुती?" पर्यावरण कर भरून साध्या नोंदणीचंच पाच वर्षांचं नूतनीकरण करायचं ठरलं.

तुमच्या छपरात अशी गाडी असेल तर नवी बॅटरी लावून लगेच सेल्फ मारू नका. आधी प्लग काढा, तेल सोडा, थांबा. आणि भंगारवाला वजनावर भाव सांगायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. मूळ पेट्रोल इंजिनाची उंच बॉनेटची जीप आता सहजासहजी मिळत नाही.