काटेवाडीच्या शारदाबाई

बेळगावच्या उद्यमबागेत सकाळची पाळी सुरू होण्याच्या सुमारास भोवतालच्या खेड्यांतून कारखान्यांकडे पुरुषांची रीघ लागते. मागे राहिलेल्या शेताचे काय होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. भाताची लावणी, भांगलण, गुरांची वैरण, मजुरांची मजुरी, सोसायटीचा हप्ता हे सारे घरच्या स्त्रीच्या अंगावर येते. निपाणीकडील तंबाखूच्या शिवारातही याहून निराळे चित्र नाही. तथापि ‘शेतकरी’ हा शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे उभा राहतो तो फेटा बांधलेला पुरुष. स्त्री शेतात राबते असे आपण म्हणतो. ती शेती चालविते असे म्हणत नाही.

ज्या स्त्रीने शेती खरोखरच चालविली, शेतीच्या बळावर मोठा संसार उभा केला आणि त्याच हातांनी सार्वजनिक कारभारही केला, अशा एका स्त्रीचे चरित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. तिच्या मुलांची नावे महाराष्ट्राला ठाऊक आहेत; तिचे स्वतःचे कार्य त्या मानाने थोड्यांना ठाऊक आहे. काटेवाडीच्या शारदाबाई गोविंदराव पवार त्या ह्याच.

शारदाबाईंचे माहेर निपाणीपासून फार दूर नाही. कोल्हापूर ओलांडून पन्हाळ्याच्या मुलखात शिरले, की गोलिवडे नावाचे गाव लागते. तेथे १२ डिसेंबर १९११ रोजी त्यांचा जन्म झाला. मुलीला शाळेत धाडणे ही गोष्ट तेव्हा खेड्यातील शेतकरी घरांत अपवादानेच घडे. शारदाबाई त्या अपवादांपैकी होत्या. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सुरू केलेल्या सेवासदनात त्यांना शिक्षण मिळाले. लिहिणे, वाचणे, हिशेब ठेवणे आणि चार माणसांत उभे राहून आपले म्हणणे मांडणे ही त्या शिक्षणाची कमाई त्यांना पुढे जन्मभर पुरली.

लग्नानंतर त्या बारामतीकडे आल्या. पन्हाळ्याचा भाग पावसाचा, भात-नाचणीचा. बारामतीचा भाग अवर्षणाचा, आभाळाकडे डोळे लावून बसणारा. १८७६-७७ च्या दुष्काळाने हा सारा प्रदेश होरपळून निघाला होता. त्यानंतर सरकारने नीरा नदीचे पाणी अडविण्याचे काम हाती घेतले आणि १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागला. पाणी आले म्हणून शेती लगेच पालटली असे मात्र नाही. पाणीपट्टी भरून पाणी घ्यावे की पावसाची वाट पाहावी, या संभ्रमात शेतकरी बरीच वर्षे होता. सासवडकडून आलेल्या माळी शेतकऱ्यांनी कालव्याच्या पाण्यावर ऊस करून दाखविला, तेव्हा कोठे इतरांचा धीर वाढला.

कालव्याची शेती ही जिरायती शेतीपेक्षा वेगळ्या जातीची शेती होय. जिरायतात मुख्य भार अंगमेहनतीवर आणि नशिबावर. बागायतात मेहनत तर लागतेच, पण त्याखेरीज पाण्याची पाळी सांभाळावी लागते, खत-पेंडीचा खर्च आधी करावा लागतो, कर्ज वेळेवर फेडावे लागते आणि बाजारभावावर नजर ठेवावी लागते. तेथे अक्षरओळख आणि हिशेब ही नांगराइतकीच महत्त्वाची अवजारे ठरतात. शारदाबाईंच्या हाती ही अवजारे होती. पुण्याच्या सेवासदनात शिकलेली मुलगी बारामतीच्या शिवारात कशी उभी राहिली, याचे उत्तर येथे सापडते.

त्यांचे यजमान गोविंदराव बारामतीच्या सहकारी खरेदी-विक्री संघात नोकरीस होते. सत्यशोधक विचारांचा संस्कार असलेला हा गृहस्थ पत्नीच्या वाटेत कधी आडवा आला नाही. संसार मात्र मोठा होता. सात मुलगे आणि चार मुली, अशी अकरा अपत्ये. एवढ्या मुलांचे शिक्षण एका नोकरीच्या पगारातून होणारे नव्हते. बारामती-इंदापूर रस्त्यावरील काटेवाडीची शेती शारदाबाईंनी आपल्या शिरावर घेतली, ती या गरजेपोटी. पेरणीपासून विक्रीपर्यंतचे निर्णय त्या घेत. मुलांनाही कामे नेमून दिलेली असत. मुलगा असो वा मुलगी, शिक्षण सोडायचे नाही आणि कामाला लाजायचे नाही, असा त्या घराचा दंडक होता. मुले आईला ‘बाई’ म्हणत.

१९३८ साली शारदाबाई पुणे जिल्हा लोकल बोर्डाच्या सभासद झाल्या. आजच्या जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून अस्तित्वात आल्या. त्यापूर्वी खेड्यांतील रस्ते, विहिरी, दवाखाने यांची व्यवस्था पाहणारी संस्था म्हणजे हे लोकल बोर्ड. स्त्रियांसाठी राखीव जागांचा घटनात्मक नियम १९९३ साली अमलात आला. म्हणजे त्याच्या पंचावन्न वर्षे आधी एक शेतकरी स्त्री जिल्ह्याच्या कारभारात बसली आणि १९५२ पर्यंत, चौदा वर्षे, तेथे टिकली. रस्ता नसला म्हणजे माल बाजारात पोचत नाही, विहीर नसली म्हणजे बायकांचा अर्धा दिवस पाण्यात जातो, हे त्यांना कोणी अहवालातून सांगावे लागत नव्हते.

या काळातील एक प्रसंग त्यांचे चिरंजीव शरद पवार यांनी पुनःपुन्हा सांगितला आहे. १२ डिसेंबर १९४० रोजी, म्हणजे आईच्याच जन्मदिवशी, त्यांचा जन्म झाला. तिसऱ्या दिवशी पुण्यात बोर्डाची सभा होती. शारदाबाई तान्ह्या मुलाला घेऊन निघाल्या आणि सभेस हजर राहिल्या. बारामतीहून पुणे सुमारे शंभर किलोमीटर, आणि त्या वेळचे रस्ते! ही गोष्ट आज कौतुकाने, थोड्या विनोदानेही सांगितली जाते, कारण ते बाळ पुढे चार वेळा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. पण त्या प्रवासातील बाळाकडे न पाहता बाळंतिणीकडे पाहिले, तर त्या गोष्टीचे वजन पालटते. ओली बाळंतीण शंभर किलोमीटर जाते, ती हौसेने नव्हे. लोकांनी दिलेली जागा रिकामी ठेवणे तिला मान्य नव्हते. सभा चुकली असती तर तिला कोणी दोष दिला नसता. ‘बाईमाणूस, जमायचे कसे’ एवढेच म्हटले गेले असते. तेवढेही म्हणण्यास तिने जागा ठेवली नाही.

दुसरा प्रसंग याहून कठोर आहे. एका वळूला गोळी लागली होती. घायाळ होऊन पडलेल्या त्या जनावराजवळ शारदाबाई मायेने गेल्या. जन्मभर गुरांत वावरलेल्या माणसाचे पाऊल तसेच पडते. वेदनेने बिथरलेले ते जनावर उठले आणि त्याने त्यांना तुडविले. पायाचे हाड मोडले, शस्त्रक्रिया करावी लागली आणि पुढे उरलेल्या आयुष्यात कुबडीची सोबत आली. एखादीने अंथरूण धरले असते. काटेवाडीच्या घराचा कारभार मात्र त्यानंतरही त्यांच्याच शब्दावर चालला.

त्यांच्या स्वभावाची खरी परीक्षा १९६० साली झाली. केशवराव जेधे यांच्या निधनाने बारामतीची लोकसभेची जागा रिकामी झाली होती. संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन तापलेले होते. शारदाबाईंचे घर शेतकरी कामगार पक्षाचे. त्या पक्षाने त्यांचे थोरले चिरंजीव वसंतराव यांनाच पोटनिवडणुकीत उभे केले. धाकटे शरदराव काँग्रेसच्या विचाराचे. भावाचा प्रचार करावा की पक्षाचा, या पेचात सापडलेल्या मुलाला आईने आपल्या विचाराप्रमाणे वागण्याची मोकळीक दिली. त्या निवडणुकीत वसंतराव पडले. एक मुलगा हरलेला आणि दुसरा विरुद्ध बाजूने काम करून आलेला, तरी घर दुभंगले नाही. मतभेद हा द्रोह नव्हे, हा लोकशाहीचा पहिला धडा या घराने पुस्तकात वाचला नाही; आईच्या वागण्यात पाहिला.

सीमाभागाशीही या घराचे नाते जडले. शारदाबाईंची कन्या सरोज यांचा विवाह शेतकरी कामगार पक्षाचे नेते एन. डी. पाटील यांच्याशी झाला. १९५६ साली बेळगाव, निपाणी हा भाग म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून सुरू झालेल्या सीमालढ्यात २०२२ साली निधन होईपर्यंत पाटील यांनी साथ सोडली नाही. १९८६ साली शरद पवारांनीही बेळगावच्या आंदोलनात भाग घेतला. आप्पासाहेब पवारांनी आईचा शेतीचा वारसा चालविला. १९७१ साली बारामतीत स्थापन झालेल्या कृषी विकास प्रतिष्ठानाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे.

पुढे शारदाबाई निवर्तल्या. मुलांनी आईला विसरू दिले नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लोक माझे सांगाती’ या आत्मचरित्रात शरद पवारांनी तिच्याविषयी लिहिले. २०२० साली, वयाची ऐंशी वर्षे पुरी होत आली असता, त्यांनी दिवंगत आईस उद्देशून पत्र लिहून ते प्रसिद्ध केले. ते मुख्यमंत्री असताना २२ जून १९९४ पासून महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाप्रमाणे जन्मतः हक्क देणारा कायदा अमलात आला. कर्नाटकातही त्याच वर्षी तसाच कायदा लागू झाला आणि २००५ साली तो साऱ्या देशाचा झाला. कायद्यामागे अनेक स्त्रियांची चळवळ होती, हे खरे. पण स्त्री शेती चालवू शकते की नाही, याविषयी काटेवाडीत वाढलेल्या मुलाला शंका असण्याचे कारण नव्हते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे म्हटली पाहिजे. कुटुंबाची आठवण ही इतिहासाची साक्ष असली, तरी संपूर्ण इतिहास नव्हे. ती ठळक प्रसंग जपते आणि रोजचा दिवस विसरते. तान्हे बाळ तिला आठवते, वळू आठवतो. अकरा बाळंतपणे आणि त्यांच्यामधून सांभाळलेले शेतीचे हंगाम यांची नोंद कोठे होत नाही. शिवाय शारदाबाईंना शिक्षण लाभले, समजूतदार पती लाभला आणि आठवण लिहून ठेवणारी मुले लाभली. ज्यांना यांतील काहीच लाभले नाही, अशा सहस्रावधी स्त्रियांनी तितकीच शेती केली आणि त्यांचे नाव ना पुस्तकात आले, ना सात-बाराच्या उताऱ्यावर.

बारामतीजवळ शारदानगर येथे शारदाबाईंच्या नावाचे महिला महाविद्यालय आहे. शेतकरी घरांतील मुली तेथे शिकतात. मातेचे स्मारक म्हणून ते योग्यच आहे. पण अशा स्त्रीचे आणखी एक स्मारक प्रत्येक गावाला, उद्यमबागेच्या आसपासच्या खेड्यालाही, खर्चावाचून उभारता येण्याजोगे आहे. घरातली शेती कोण चालविते, असे कोणी विचारले, तर जिचे नाव घ्यायला हवे तिचे नाव घ्यावे. आणि ते तिच्या हयातीतच घ्यावे.