भागाकार आणि वजाबाकी

एडिंबरो शहराच्या जुन्या मुख्य रस्त्यावर, सेंट जाइल्सच्या चर्चजवळ, फरसबंदीत रंगीत दगडांचे एक हृदय बसवलेले आहे. येणारेजाणारे त्यावर थुंकतात. 1985 साली मी शस्त्रक्रियेच्या परीक्षेसाठी तेथे गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात हा प्रकार पाहिला. आपल्याकडे जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या तसबिरी लावून जे थांबवावे लागते, ते येथे भर रस्त्यात परंपरा म्हणून चालते, हे पाहून मला थोडे समाधानच वाटले!

त्या जागी पूर्वी शहराचा तुरुंग होता आणि त्याला लोक ‘मिडलोथियनचे हृदय’ म्हणत. 1817 साली तो पाडला. दुसऱ्याच वर्षी सर वॉल्टर स्कॉट यांची त्याच नावाची कादंबरी निघाली. तेच नाव पुढे एका नाचघराने उचलले आणि त्या नाचघरात जमणाऱ्या पोरांनी 1874 साली फुटबॉलचा संघ काढला तेव्हा संघालाही तेच चिकटले. हार्ट ऑफ मिडलोथियन. लोकांच्या तोंडी नुसते ‘हार्ट्स’.

मी या संघाचा भक्त झालो तो खेळाच्या आवडीमुळे नव्हे. मला स्वस्त खोली मिळाली ती गॉर्गी रोडजवळ, दगडी चौमजली इमारतीत, म्हणजे आपल्या चाळीतच म्हणा ना. वारा फिरला की दारूच्या भट्ट्यांचा आंबूस वास घरभर पसरे आणि शनिवारी दुपारी टाइनकॅसलच्या मैदानावरचा गलका खिडकीतून आत येई. घरमालकीणबाई विधवा होत्या. त्यांचे वडील, त्र्याऐंशी वर्षांचे, शेगडीशेजारच्या खुर्चीत बसून असत. मी त्यांना मनातल्या मनात आजोबा म्हणे. ते मला ‘डॉक्टर’ म्हणत, जरी माझी खरी परीक्षा अजून व्हायची होती. त्यांनी मला जी पहिली शिकवणी दिली ती फुटबॉलची नव्हती, गणिताची होती.

पण गणिताआधी 1914 चे सांगितले पाहिजे. आजोबा स्वतः नेहमी तेथूनच सुरुवात करीत.

त्या वर्षीच्या मोसमात हार्ट्सने पहिले आठही सामने जिंकले. त्यांतला पहिलाच गतविजेत्या सेल्टिकविरुद्ध. अकरा वर्षांच्या आजोबांना वाटले, आता अजिंक्यपद घरी आलेच. परंतु ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले होते. धडधाकट तरुण चेंडू लाथाडतात आणि हजारो माणसे तो पाहायला जमतात, याविषयी वर्तमानपत्रांत संतापाची पत्रे येऊ लागली. कुणी एका ‘सैनिक-कन्ये’ने तर सुचवले की, या संघाने आपले नाव बदलून त्यात ‘पांढरी पिसे’ घालावीत. पांढरे पीस हे त्या देशात भ्याडपणाचे चिन्ह. आपल्याकडे बांगड्या पाठवतात, त्यातलाच प्रकार.

25 नोव्हेंबर 1914 रोजी हार्ट्सच्या अकरा खेळाडूंनी एकदम सैन्यात नावे नोंदवली. माजी खासदार सर जॉर्ज मॅक्रे रॉयल स्कॉट्सची सोळावी पलटण उभारीत होते. तीत खेळाडूंच्या मागोमाग शेकडो प्रेक्षकही शिरले. ज्यांच्या नावाने आरोळ्या ठोकल्या त्यांच्याच शेजारी बंदूक घेऊन उभे राहायचे, ही कल्पनाच तरुणांना वेड लावणारी होती. आजोबांचा थोरला भाऊ एकोणीस वर्षांचा होता. तोही गेला.

लीग मात्र चालूच राहिली. खेळाडू दिवसभर कवायत करीत, रात्री मैलोन्‌मैल संचलन करीत आणि शनिवारी मैदानात उतरत. वसंत ऋतूपर्यंत त्यांचे पाय शिशाचे झाले. अखेरच्या आठवड्यांत ते हरले आणि सेल्टिकने चार गुणांनी अजिंक्यपद नेले. आजोबा म्हणत, “ते चार गुण आम्ही हरलो नाही, डॉक्टर. ते आम्ही राजाला उसने दिले.” मला हे थोडे अन्यायाचे वाटे. सेल्टिकचा संघ खरोखरच बलाढ्य होता, आणि त्यांचा पीटर जॉनस्टन 1917 साली आरासच्या लढाईत पडला. परंतु शेगडीशेजारी बसून हा मुद्दा काढण्याचे धैर्य मला कधी झाले नाही.

हार्ट्सचे सात खेळाडू परत आले नाहीत. गोलांवर गोल करणारा टॉम ग्रेसी ऑक्टोबर 1915 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेला. हॅरी वॉटी, डंकन करी आणि अर्नेस्ट एलिस हे तिघे एकाच दिवशी, 1 जुलै 1916 रोजी, सोमच्या लढाईच्या पहिल्या सकाळी पडले. त्या दिवशी पलटणीतली निम्म्याहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. आजोबांचा भाऊ त्यांतच होता.

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावच्या चावडीत एक संगमरवरी पाटी आहे. गावातून 1914 च्या युद्धावर किती माणसे गेली आणि त्यांतली किती परतली नाहीत, हे तीवर कोरलेले आहे. मी आजोबांना एकदा हे सांगितले. त्यांनी विचारले, “नावे?” मी म्हटले, “नावे नाहीत, आकडे आहेत.” ते काही बोलले नाहीत. परंतु तो प्रश्न मला बोचत राहिला. 1987 साली परत आल्यावर मी गावात म्हाताऱ्यामाणसांकडे बसून चौकशी केली. न परतलेल्या सहांपैकी चौघांची नावे मिळाली. ती आजोबांना कळवली. उत्तर आले ते बाईंचे. पत्र पोचण्याच्या पंधरा दिवस आधी आजोबा गेले होते.

आता गणित. मधल्या काळात हार्ट्सने चांगले दिवसही पाहिले. 1958 साली त्यांनी 34 सामन्यांत 132 गोल करून अजिंक्यपद जिंकले, 1960 साली पुन्हा जिंकले. पण भक्ताला विजय थोडक्यात सांगता येतात, पराभव सविस्तर सांगावे लागतात.

24 एप्रिल 1965. मोसमाचा शेवटचा सामना, टाइनकॅसलवर, किलमार्नक संघाशी. हार्ट्स दोन गुणांनी पुढे. दोन संघांचे गुण सारखे झाले तर केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागायचे, असा त्या काळी नियम होता. त्यामुळे हार्ट्स एका गोलाने हरले असते तरीही चालले असते. ते दोन गोलांनी हरले. दोन्ही गोल पहिल्या अर्ध्या तासात झाले. त्यापुढचा तासभर आजोबा घरच्या प्रेक्षकांत उभे राहून एका गोलाची वाट पाहत होते, आणि तो आला नाही. हार्ट्स 90 भागिले 49, किलमार्नक 62 भागिले 33. फरक 0.042. वजाबाकी केली असती तर हार्ट्स 41, किलमार्नक 29. म्हणजे अजिंक्यपद हातातले होते; भागाकाराने नेले. पुढे काही वर्षांनी नियम बदलून वजाबाकीचा झाला.

आणि मग 3 मे 1986. त्या दिवशी मी आजोबांच्या शेजारी होतो. हार्ट्स लीगमध्ये 27 सामने न हरता डंडीला गेले होते. बरोबरी पुरे होती. बाईंनी केक करून ठेवला होता, पण त्यावर काही लिहिले नव्हते, अपशकुन नको! रेडिओवर कळले की तिकडे सेल्टिक गोलांची खैरात करीत आहे. तरी डंडीला अजून शून्य-शून्यच होते. शेवटची सात मिनिटे उरली. बदली खेळाडू म्हणून आलेल्या आल्बर्ट किडने गोल केला. त्याने त्या मोसमात लीगमध्ये तोपर्यंत एकही गोल केला नव्हता. चार मिनिटांनी त्यानेच दुसरा केला. सेल्टिक पाच-शून्य जिंकले. गुण दोघांचे पन्नास-पन्नास.

आजोबांनी रेडिओ बंद केला. पेन्सिल मागितली. वर्तमानपत्राच्या समासात त्यांनी आकडे मांडले. सेल्टिक 67 आणि 38, वजाबाकी 29. हार्ट्स 59 आणि 33, वजाबाकी 26. तीन गोलांनी गेले. मग त्यांनी जुन्या पद्धतीने भागाकार केला, अगदी सावकाश, दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत. सेल्टिक 1.763. हार्ट्स 1.788. कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, “तपासा, डॉक्टर. माझे डोळे अधू आहेत.” मी तपासले. बरोबर होते. भागाकार असता तर अजिंक्यपद आमचे होते, वजाबाकीने नेले. बाईंनी केक कापला. आम्ही तो खाल्ला. पुढच्या शनिवारी चषकाचा अंतिम सामना होता. तोही ॲबरडीनने तीन-शून्य जिंकला.

त्यानंतरचा इतिहास मला बाईंच्या पत्रांतून कळत गेला. 1998 साली रेंजर्सला दोन-एक हरवून हार्ट्सने स्कॉटिश चषक जिंकला. छत्तीस वर्षांत संघाकडे एकही मोठा चषक आला नव्हता. त्या पत्रात एवढेच होते की, त्या वडिलांच्या थडग्यावर मरून रंगाचा गळपट्टा ठेवून आल्या. 2012 साली अंतिम सामन्यात गावातल्याच हिब्ज संघाला पाच-एक असे लोळवले, तेव्हा मात्र पत्र चार पानी होते.

पुढच्याच वर्षी दिवाळे निघाले. संघ लिथुएनियातल्या एका बँकमालकाच्या हाती होता. बँक बुडाली आणि तिच्यापाठोपाठ जून 2013 मध्ये हार्ट्स. शिक्षा म्हणून पंधरा गुण कापले गेले. पुन्हा वजाबाकी! मोसमाअखेर गुण राहिले 23. ते पंधरा असते तर 38 झाले असते, आणि तळाची जागा हिब्जच्या वाट्याला आली असती. हार्ट्स खालच्या श्रेणीत गेले. मला प्रामाणिकपणे वाटते की ही शिक्षा रास्त होती. दुसऱ्याच्या पैशावर मोठेपणा मिरवण्याची किंमत कुणीतरी द्यायला हवी. पण ती दिली प्रेक्षकांनी, मिरवणाऱ्याने नव्हे.

ॲन बज या बाईंनी 2014 साली संघ विकत घेतला तो एका अटीवर: प्रेक्षक महिन्याच्या महिन्याला वर्गणी भरतील आणि तो हळूहळू सोडवून घेतील. सुमारे आठ हजार माणसे भरत राहिली. दुसऱ्याच वर्षी संघ 91 गुण घेऊन वर आला. 2020 साली करोनामुळे आठ सामने शिल्लक असताना लीग थांबली, प्रत्येक सामन्यामागे सरासरी गुण काढले गेले आणि तळाशी असलेले हार्ट्स पुन्हा खाली गेले. पुन्हा भागाकार! वर्गण्या बंद झाल्या नाहीत. संघ वर्षभरात परत वर आला, आणि ऑगस्ट 2021 मध्ये 75.1 टक्के भाग प्रेक्षकांच्या संस्थेच्या नावे झाले.

2022 च्या नोव्हेंबरमध्ये मी पुन्हा एडिंबरोला गेलो. हेमार्केटच्या चौकात 1922 साली उभारलेला घड्याळाचा स्मृतिस्तंभ आहे. ट्रामच्या कामासाठी तो काही वर्षे हलवला होता, नंतर परत आणून बसवला. दर नोव्हेंबरात खेळाडू आणि भक्त तेथे जमतात. बाई आता ऐंशी पार केलेल्या, काठी टेकीत आल्या होत्या. मी विचारले, महिन्याला किती भरता? म्हणाल्या, “दोन वर्गण्या. एक माझी, एक वडिलांची.” पैशांची ओढ होत नाही का, असे विचारणे उद्धटपणाचे झाले असते. मी विचारले नाही. पुष्पचक्रे ठेवून झाली, गर्दी पांगू लागली. बाईंनी पिशवीतून चांदीच्या कागदात गुंडाळलेला केकचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला आणि आम्ही गॉर्गी रोडकडे जाणाऱ्या बसच्या रांगेत उभे राहिलो.