विरळ घटनांचे गणित

कारणांचा शोध जेथे थांबतो, तेथे आम्ही दैवाचे नाव घेतो. उलट एखादे संकट एकाच ठिकाणी दोनतीनदा ओढवले, की त्यामागे कोणाचा तरी हात असलाच पाहिजे, असे म्हणावयासही आम्ही तितक्याच तत्परतेने पुढे होतो. ह्या दोन्ही सवयींना लगाम घालणारे एक सूत्र एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये जन्मास आले. त्याचा इतिहास मनोरंजक तर आहेच; परंतु दोष कोणाला द्यावा व कोणाला देऊ नये, ह्या नित्याच्या प्रश्नाशीही तो निगडित आहे.

संभाव्यतेच्या गणिताचा पाया त्यापूर्वीच घातला गेला होता. याकोब बर्नुली ह्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७१३ साली प्रसिद्ध झाला. नाणे दहा वेळा उडविले असता नेमके पाच वेळा छाप पडण्याचा संभव किती, ह्यासारख्या प्रश्नांचे उत्तर देणारी द्विपद रीत त्या काळापासून सर्वमान्य आहे. ह्या उदाहरणात एकंदर १०२४ शक्यतांपैकी २५२ अनुकूल ठरतात. म्हणजे संभव सुमारे एकचतुर्थांश. नाणेफेकींची संख्या फार मोठी झाली, की हा हिशेब हाताने करणे अशक्यप्राय होते. त्यावर अब्राहम द म्वाव्र ह्या लंडनवासी फ्रेंच निर्वासिताने १७३३ साली तोड काढली. आज 'प्रसामान्य' म्हणून ओळखला जाणारा घंटाकृती वक्र तो हाच.

परंतु घटना अत्यंत विरळ आणि तिला मिळणाऱ्या संधी मात्र असंख्य असतील, तेथे हा वक्र नीट लागू पडत नाही. ती उणीव सिमेओं-देनी प्वासाँ (१७८१–१८४०) ह्याने भरून काढली. त्याचे सूत्र १८३७ सालच्या ज्या ग्रंथात आले, त्याचा विषय होता फौजदारी व दिवाणी खटल्यांतील निर्णयांची संभाव्यता! फ्रान्समध्ये बारा ज्यूरर्सपैकी सातांच्या मताने आरोपी दोषी ठरे. १८३१ साली आठ मतांची अट आली. किती मतांचे बंधन घातले असता निरपराध्यास शिक्षा होण्याचा धोका किती राहतो, ह्याचा तो शोध होता. विरळ घटनांच्या सूत्राने त्या ग्रंथात फारच थोडी जागा व्यापली आहे, आणि त्यानंतर कित्येक वर्षे त्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही.

ते लक्ष वेधले लाडिस्लाउस फॉन बोर्टकिएव्हिच ह्याने. सेंट पीटर्सबर्ग येथे १८६८ साली जन्मलेल्या ह्या संख्याशास्त्रज्ञाने १८९८ साली एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील एक उदाहरण जगभर गाजले. घोड्याची लाथ लागून मेलेल्या प्रशियन सैनिकांची नोंद त्याने सैन्याच्या दप्तरांतून गोळा केली. १८७५ ते १८९४ ही वीस वर्षे आणि दहा सेनाविभाग, म्हणजे एकंदर २०० वार्षिक नोंदी. त्यांत मृत्यू १२२. सरासरी पडली दर नोंदीस ०.६१.

सूत्राचे काम येथून सुरू होते, आणि ते कोणाही वाचकास ताडून पाहता येईल. सरासरी ०.६१ असता मृत्यू मुळीच न होण्याचा संभव ०.५४३ येतो, त्यास २०० ने गुणिले की १०८.७. ह्या आकड्यास ०.६१ ने गुणावे, म्हणजे एक मृत्यू असलेल्या नोंदी मिळतात : ६६.३. त्यास पुन्हा ०.६१ ने गुणून दोहोंनी भागावे : २०.२. मग तिहींनी : ४.१. मग चोहोंनी : ०.६. आता प्रत्यक्ष दप्तर पाहा : मृत्युरहित नोंदी १०९, एकाच्या ६५, दोहोंच्या २२, तिहींच्या ३, चोहोंची १. घोड्यांनी सूत्र वाचले नव्हते; तरी मेळ इतका चोख!

ह्यातील मर्म असे. एखाद्या विभागात एकाच वर्षी तीन वा अधिक सैनिक लाथेने मरण्याचा संभव शेकडा अडीचहूनही कमी आहे. तो विभाग एकटा पाहिला, तर तेथील अधिकाऱ्याकडून जबाब मागावा असेच कोणासही वाटेल. परंतु दोनशे नोंदींत असे सुमारे पाच वेळा घडावयाचेच असते. प्रत्यक्षात ते चार वेळा घडले. त्या चार अधिकाऱ्यांस केवळ ह्या आकड्यावरून दंड झाला असता, तर तो यदृच्छेबद्दलचा दंड ठरला असता.

असाच प्रश्न दुसऱ्या महायुद्धात लंडनपुढे उभा राहिला. १९४४ साली जर्मनीचे उडते बाँब शहरावर कोसळू लागले. काही वस्त्यांवर ते पुनःपुन्हा पडत आणि काही सुटत. तेव्हा हा नेम धरून केलेला मारा असावा काय, हा विचार स्वाभाविक होता. आर. डी. क्लार्क ह्या विमागणितज्ञाने १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या टिपणात दक्षिण लंडनच्या एका भागाचे पाव चौरस किलोमीटरचे ५७६ चौकोन पाडले. त्यांत बाँब पडले होते ५३७. सूत्राप्रमाणे २२७ चौकोन कोरे राहावयास हवे होते, राहिले २२९. एक बाँब पडलेले चौकोन हिशेबाने २११ आणि प्रत्यक्षातही २११. वस्त्या निवडून मारा झाल्याचे कोणतेही चिन्ह ह्या आकड्यांत नव्हते.

तथापि ह्या सूत्राआड दडून कोणी आपली जबाबदारी टाळू म्हणेल, तर तेही खरे नव्हे. प्रत्येक घटना दुसरीपासून स्वतंत्र असावी आणि सर्वत्र परिस्थिती सारखी असावी, ह्या अटींवरच ते उभे आहे. मूळ दप्तरात चौदा सेनाविभाग होते. पैकी चारांची घडण निराळी म्हणून बोर्टकिएव्हिचने त्यांस वगळूनही हिशेब मांडला, तो ह्याच जाणिवेने. जेथे हिशेब आणि वस्तुस्थिती ह्यांत मोठे अंतर पडते, तेथे कारण शोधलेच पाहिजे.

मागील वर्षी अपघात एक, यंदा तीन, सबब खुलासा करावा, अशा तऱ्हेचे कागद आम्हां कारकुनी पेशातील मंडळींच्या हातांखालून नित्य जातात. खुलासा मागण्यापूर्वी दहा वर्षांचे आकडे काढून ही चार ओळींची आकडेमोड कोणी करील, तर निष्कारण ठपका पुष्कळ टळेल, आणि जेथे खरोखर हयगय आहे, तेथे ती अधिक स्पष्टपणे उघडी पडेल. निरपराध्यास शिक्षा होऊ नये ह्या चिंतेतून लिहिलेल्या ग्रंथातील सूत्राचा याहून उचित उपयोग आम्हांस दिसत नाही.