शॉकचे गणित

'शॉक' हा शब्द आपल्याकडे दोनच प्रसंगी निघतो. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला ओला हात लागला म्हणजे, नाही तर एखादी वाईट बातमी अवचित कानी आली म्हणजे. डॉक्टरांचा शॉक या दोहोंहून निराळा. शरीराच्या पेशींना लागेल तेवढे रक्त पोहोचेनासे झाले, की त्या अवस्थेला ते शॉक म्हणतात. मग कारण रक्तस्राव असो, जुलाब-वांत्या असोत, थकलेले हृदय असो, की रक्तात पसरलेला जंतुदोष असो. यातली फसगत अशी, की प्रारंभी रक्तदाबाचे यंत्र पुष्कळदा 'सारे ठीक' असेच सांगते.

असे का होते, याचा मागमूस प्रथम एका पाद्र्याच्या हाती लागला. इंग्लंडात टेडिंग्टन गावी स्टीफन हेल्स नावाचे धर्मोपदेशक होते. १७३३ साली त्यांचे पुस्तक निघाले, त्यात ही हकीकत आहे. त्यांनी एक घोडी बांधून आडवी केली, तिच्या मांडीच्या धमनीत पितळी नळी बसवली आणि तिला उभी काचेची नळी जोडली. रक्त ८ फूट ३ इंच चढले! मग मापाने थोडे रक्त काढायचे, पुन्हा नळी जोडून उंची पाहायची, असे घोडी मरेपर्यंत चालले. प्रयोग निर्दय खराच. आज कोणी करू देणार नाही. पण आकडे मोलाचे होते. रक्त कमी होत गेले तरी उंची त्याच हिशेबाने उतरली नाही. मध्येच थोडी पुन्हा चढे. शरीर सावरत होते. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय धावू लागते. म्हणून एकूण रक्ताचा दहावा हिस्सा गेला तरी दाब जवळपास तसाच राहतो. आणि एकदम ४०-४५ टक्के गेले, तर मात्र शून्याकडे घसरतो.

पहिल्या महायुद्धात जखमी शिपाई फारसे रक्त सांडलेले न दिसताही मरत. चेंगरलेल्या मांसातून विष भिनते, असा तर्क तेव्हा पुष्कळांनी केला. पुढे १९३० च्या सुमारास अमेरिकेत आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी कुत्र्यांचे दुखावलेले पाय चक्क तोलून दाखवले. गेलेले रक्त आणि द्रव त्या सुजलेल्या पायातच साठलेले होते.

आता आर्थर गायटन यांच्याकडे येऊ. आपल्या गावचा मुलगा डॉक्टरकी शिकत असेल, तर त्याच्या टेबलावर यांचे जाडजूड पुस्तक हमखास सापडेल. यांना शल्यविशारद व्हायचे होते. १९४६ साली पोलिओ झाला, हातापायांचे बळ गेले आणि तो मार्ग बंद झाला. मिसिसिपीत परत येऊन त्यांनी शरीराचे गणित मांडायला घेतले. त्यांचे म्हणणे शेतकऱ्याला चटकन पटेल. हृदय म्हणजे मोटार. विहिरीचे झरे आटले, तर पाच हॉर्सपॉवरची काय नि दहाची काय, ओढणार काय? म्हणून मोटारीआधी झरे पाहा, म्हणजे हृदयाकडे परत येणारे रक्त पाहा.

१९७२ साली गायटन यांनी कोलमन व ग्रेंजर या सहकाऱ्यांसह एक भला मोठा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात साडेतीनशेंवर चौकटी, आणि चौकटीगणिक छोटे गणित: मूत्रपिंडाचे, तहानेचे, मज्जातंतूंचे. संगणकात ते घातले, की कागदावरच्या माणसाचे रक्त काढता येते. घोडी मारावी लागत नाही. शॉकमध्ये दोन चक्रे एकाच वेळी फिरतात. एक सावरणारे. दुसरे बुडवणारे: रक्त कमी, म्हणून हृदयाच्या स्नायूचीच उपासमार, म्हणून ते ढकलते आणखी कमी. कोणते चक्र जिंकणार, हे थोड्याशा फरकावर ठरते. गणित उपयोगी पडते ते इथे.

लॉस एंजल्समध्ये वाइल आणि शुबिन या डॉक्टरांनी १९६० नंतरच्या दशकातच शॉकच्या रुग्णांच्या खाटेपाशी संगणक जोडला होता. अलीकडे टेक्सासमध्ये व्हिक्टर कॉन्व्हर्टिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळीच वाट धरली. धडधाकट स्वयंसेवकांचे कमरेखालचे अंग बंद पेटीत ठेवून हवा ओढून घेतात. रक्त पायांत उतरते, जणू रक्तस्रावच झाला. त्या वेळच्या नाडीच्या लाटा दाखवून संगणकाला शिकवले, की सावरण्याची शिल्लक किती उरली ते सांग. गायटन यांचा आराखडा 'का' ते सांगतो. हा नुसता ओळखतो. माझा ओढा पहिल्याकडे, मास्तरकीची खोड म्हणा. धावत्या रुग्णवाहिकेत मात्र दुसराच कामाचा. पण रक्तदाबाच्या गोळ्या खाणारी सत्तर वर्षांची आजी त्या पेटीत बसलेली नव्हती. तिच्या नाडीला हा हिशेब कितपत लागू, हे आधी विचारले पाहिजे.

२०१९ साली दक्षिण अमेरिकेतील पाच देशांच्या २८ अतिदक्षता विभागांतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. शॉकमधल्या ४२४ रुग्णांपैकी निम्म्यांचे उपचार रक्तातील लॅक्टेट तपासून ठरवले, निम्म्यांचे बोटाचे टोक दाबून. २८ दिवसांत पहिल्या गटात ४३ टक्के दगावले, दुसऱ्यात ३५. फरक योगायोगाचा असू शकतो, असे लेखकांचे आकडेच सांगतात. पण बोट मागे पडले नाही. उजव्या हाताची तर्जनी, काचेच्या पट्टीने दहा सेकंद दाबायची. सोडल्यावर तीन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा.